खतावणी लिहिणारे हात

पुण्याहून साताऱ्याच्या वाटेला लागलेला प्रवासी कात्रज ओलांडून शिवगंगेच्या खोऱ्यात उतरला, की जिथे एके काळी रस्त्याच्या दोन्ही अंगांना भातखाचरेच दिसत, तिथे आता गोदामे, हॉटेले आणि कारखान्यांची पत्र्याची छपरे यांची ओळ सुरू होते. खेड-शिवापूरचा टोलनाका येतो, आणि तिथून जवळच, भोर तालुक्याच्या हद्दीत, शिवरे हे गाव महामार्गाला खेटून वसलेले आढळते. या नाक्यावर पूर्वी प्रत्येक गाडीसाठी खिडकीतून एक हात बाहेर येई, नोट घेई, पावती फाडून देई आणि सुटे पैसे मोजी. १५ फेब्रुवारी २०२१च्या मध्यरात्री देशभरच्या नाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाला, रोख भरणाऱ्यास दुप्पट आकार लागला, आणि काचेवरची चकती वाचून अडसर आपोआप वर जाऊ लागला. तो हात विरळ होत गेला हे फारसे कुणाच्या ध्यानातही आले नाही, कारण रांग तुटावी हीच सर्वांची मनापासून इच्छा होती. माझीही होती.

परंतु हिशेब लिहिणारे आणि पैसे मोजणारे हात या टापूतून निघून जाण्याची ही पहिली वेळ नव्हे. आज बँकांतील नोकरकपात, यंत्रमानव आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांची चर्चा वर्तमानपत्रांत रोज वाचताना मला वारंवार वाटते, की या प्रश्नाचा पूर्वेतिहास मोठ्या शहरांतल्या काचेच्या इमारतींत शोधण्यापेक्षा शिवऱ्यासारख्या एखाद्या गावाच्या वेशीवर उभे राहून पाहावा. म्हणजे काय गेले, काय आले आणि या खेपेची गोष्ट पूर्वीहून कशात वेगळी आहे, हे अधिक स्पष्ट दिसते.

भोरची ओळखच मुळी लेखणीच्या एका हुद्द्याशी जोडलेली आहे. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत सचिव, म्हणजे जुन्या फारशी परिभाषेतला सुरनीस, याच्याकडे राजपत्रांतील अधिक-उणे मजकूर शोधून दुरुस्त करण्याचे आणि महालांच्या जमाखर्चावर नजर ठेवण्याचे काम असे. राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत हे पद शंकराजी नारायण यांच्याकडे आले, पुढे ते त्यांच्या वंशात राहिले, आणि १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत भोरचे अधिपती ‘पंत सचिव’ याच बिरुदाने ओळखले गेले. बावड्याच्या पंत अमात्यांप्रमाणे इथेही हिशेब तपासणाऱ्याचा हुद्दा हेच राजघराण्याचे नाव झाले. गावपातळीवर तेच काम कुलकर्णी करी. दिवसाची नोंद रोजकीर्दीत, कीर्दीवरून असामीवार खतावणीत, खतावणीवरून तेरीज आणि तेरजेवरून ताळेबंद, असा तो क्रम होता; मोडीतील त्याच्या अक्षराला वळण असे, त्याचे दप्तर रुमालात बांधून त्याच्याच घरी फडताळात ठेवलेले असे, आणि गावात कोणाची किती जमीन, कोणाची किती बाकी, हे त्याच्याशिवाय सांगू शकणारा दुसरा मनुष्य क्वचितच आढळे.

अशा मनुष्याच्या हाती केवढी सत्ता येते हे सांगायला नको. आणि म्हणूनच या टापूतल्या एका जुन्या प्रकरणाचा उल्लेख इथे टाळता येत नाही. जवळच्याच रांझे गावचा पाटील बाबाजी भिकाजी गुजर याने बदअमल केला, तेव्हा शिवाजीराजांनी त्याचे हातपाय तोडविले आणि त्याच्याच गोतातल्या सोनजी गुजराकडून दोनशे होन घेऊन पाटीलकी त्याला दिली, असे १६४६ सालच्या पत्रावरून समजते. पाटलाचा गुन्हा हिशेबाचा नव्हता आणि ती शिक्षा आजच्या नजरेला भयंकर वाटते. तरी तिच्यामागची एक समजूत मला मोलाची वाटते, ती अशी, की गावावर अंमल करणाऱ्याला नाव असते, त्याला धरून आणता येते, आणि त्याच्याकडून झाडा घेता येतो.

नांगर धरणाऱ्या कुळाला मात्र कागदावर नाव लिहिता येत नसे. त्याच्या नावापुढे ‘निशाणी नांगर’ म्हणून नांगराची आकृती काढीत, आणि ‘बिकलम अमुक’ म्हणून ज्याने मजकूर लिहिला त्याचे नाव घालीत. म्हणजे खत कुळाचे, अक्षर दुसऱ्याचे. सावकाराच्या वहीत आपल्या नावे काय चढले आहे हे ज्याचे त्याला वाचता येत नव्हते, त्या अंधारातून पुढे काय उद्भवले हे पुणे जिल्ह्याला चांगलेच ठाऊक आहे. १२ मे १८७५ रोजी भीमथडीतल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली, तेव्हा त्यांचा रोख मुख्यतः खतांवर, रोख्यांवर आणि वह्यांवर होता. कागद सापडला की तो पेटवीत. या दंग्यांनंतर चौकशी आयोग बसला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्यात सावकाराने पावती द्यावी, वर्षाचा हिशेब लिहून द्यावा, आणि ऋणकोने मागितल्यास त्याचे खाते पासबुकात उतरवून द्यावे, अशी कलमे होती. पासबुक ही वस्तू बँकेने खुशीने दिलेली सोय आहे असे आपण समजतो. पण या जिल्ह्याच्या शेतकऱ्याला तिचा हक्क कायद्याने मिळाला तो बँक गावात येण्याच्या कितीतरी आधी, आणि त्याची किंमत सुप्याच्या बाजारात मोजली गेली होती.

कुलकर्ण्याचे वतन पुढे गेले. अनेक गावी पगारी तलाठी आधीच आले होते. १९५० साली मुंबई राज्याने परगणा व कुलकर्णी वतने नाहीशी करणारा कायदा केला आणि १ मे १९५१पासून तो अमलात आला. वतनी जमिनी सरकारजमा होऊन ठरलेली रक्कम भरल्यावर मूळ वतनदाराला परत मिळाल्या, रोख हक्कांबद्दल भरपाई ठरली. एका जातीच्या घरात जन्मले म्हणून गावाच्या हिशेबावर पिढ्यानपिढ्या हक्क सांगावा ही रीत जायलाच हवी होती, आणि ती गेली याचे दुःख करण्याचे कारण नाही. इथे मला दाखवायचे आहे ते इतकेच, की तो धंदा बुडाला तेव्हा त्याच्या बुडण्याला कायद्याचे नाव होते, तारीख होती, विधिमंडळातली चर्चा होती आणि भरपाईचे कोष्टकही होते. आणि त्याच्या जागी जो तलाठी आला, त्यालाही गावाने ‘भाऊसाहेब’ म्हणून हाक मारून आपली बाकी विचारायला सुरुवात केली.

बँकेचा कारकून हा या परंपरेतला पुढचा पुरुष. १९१७ साली पुणे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक उभी राहिली. १६ सप्टेंबर १९३५ रोजी प्रा. वा. गो. काळे, धों. कृ. साठे प्रभृतींच्या पुढाकाराने बँक ऑफ महाराष्ट्र नोंदली गेली आणि ८ फेब्रुवारी १९३६ रोजी पुण्यात तिचे काम सुरू झाले. तथापि खेड्यापर्यंत बँक खऱ्या अर्थाने पोहोचली ती १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाल्यानंतर. त्या वर्षीच्या जूनमध्ये साऱ्या देशात ८,२६२ शाखा होत्या आणि त्यांतील ग्रामीण अवघ्या १,८३३. १९९१पर्यंत एकूण संख्या साठ हजारांवर गेली आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक खेड्यांत होत्या. या विस्ताराबरोबर मराठी मध्यमवर्गाला आणि थोड्या उशिराने शेतकऱ्यांच्या शिकलेल्या मुलांनाही एक नवे स्वप्न मिळाले. परीक्षा द्यायची, बँकेत ‘लागायचे’, आणि लागल्यावर निवृत्तीपर्यंत निर्धास्त व्हायचे. मुलगा बँकेत आहे, एवढ्यावर सोयरीक जमत असे.

महामार्गावरच्या अशाच एका शाखेत लहानपणी मी वडिलांबरोबर जात असे. लाकडी काउंटर, त्याला पितळी जाळी, आणि जाळीपलीकडे कातडी पाठीची, दोन हातांनी उचलावी लागणारी लेजरे. पैसे काढण्याची स्लीप दिली, की कारकून एक पितळी टोकन पुढे सरकवी. त्यावरचा आकडा बोटांखाली झिजून गुळगुळीत झालेला असे. मग तो लेजर उघडी, पान शोधी, सहीचा नमुना पाही, उचल लिहून शिल्लक मांडी आणि ते पान तसेच उघडे अधिकाऱ्याकडे जाई. अधिकारी आद्याक्षरे करी, स्लीप रोखपालाकडे पोहोचे, आणि तो टोकनाचा आकडा मोठ्याने पुकारी. तेवढ्या अर्ध्या तासात बाकावर बसलेल्या मंडळींची पिकापाण्याची सारी चौकशी उरकलेली असे. जवळून पाहिले तर कुलकर्ण्याचीच ती कीर्द आणि खतावणी होती. फरक इतकाच, की एकाने लिहायचे आणि दुसऱ्याने तपासायचे, हा जुना सचिवाचा नियम आता प्रत्येक नोंदीला लागू झाला होता.

संध्याकाळी दार बंद झाल्यावर खरे काम सुरू होई. दिवसाची जमा-नावे जुळली पाहिजे, आणि नाही जुळली तर फरक सापडेपर्यंत कोणी घरी जायचे नाही. एका निवृत्त कारकुनाने मला त्यातली एक खूण सांगितली होती: फरकाला नवाने भाग गेला, तर रक्कम चुकलेली नसून बहुधा अंक उलटे पडलेले असतात, त्रेसष्टच्या जागी छत्तीस लिहिले, की सत्तावीसचा फरक येतो. मग डोळे नेमके तसल्या जोड्या शोधू लागत. सहामाहीला व्याज काढायचे तेही हातानेच, आणि प्रत्येक खात्याचा रोजचा हिशेब मांडणे मनुष्यबळाच्या आटोक्याबाहेरचे, म्हणून बचत खात्यावर दर महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतची जी किमान शिल्लक, तीवरच व्याज देण्याचा परिपाठ होता. जाणकार मंडळी दहाच्या आत भरणा करीत. ज्याला ठाऊक नसे तो बारा तारखेला पैसे भरी आणि त्या महिन्याच्या व्याजाला मुके. १ एप्रिल २०१०पासून रोजच्या शिलकेवर व्याज द्यावे असे रिझर्व्ह बँकेने ठरविले, आणि ते शक्य झाले ते केवळ संगणकामुळे. यंत्राने गरीब ठेवीदाराच्या पदरात जे न्याय्य होते ते घातले, हे मी कृतज्ञतेने नोंदवितो. हाताने लिहिलेले सगळेच पवित्र होते, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही.

यंत्राचे आगमन मात्र सहजासहजी झाले नाही. विमा महामंडळात संगणक आणण्याच्या प्रश्नावरून १९६०च्या दशकात मोठा संघर्ष झाला. सरकारने स्वयंचलनाच्या प्रश्नावर समिती नेमली आणि गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील या समितीने १९७२ साली अहवाल दिला. बेकारीने गांजलेल्या देशात यंत्राने किती माणसांचे काम घ्यावे, हा प्रश्न पुण्याच्या एका अर्थशास्त्रज्ञासमोर अर्धशतकापूर्वीच येऊन ठेपला होता, हे आजच्या चर्चेत कोणी सांगत नाही. पुढे ८ सप्टेंबर १९८३ रोजी बँकांचा संघ आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रांविषयी करार झाला. किती यंत्रे, कोणत्या शाखांत, कोणत्या कामासाठी, हे त्यात मर्यादेने बांधलेले होते. रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे उपगव्हर्नर चि. रंगराजन यांच्या दोन समित्यांनी १९८४ आणि १९८९ साली पुढची दिशा आखली. १९८७ आणि १९९३ साली आणखी करार झाले. आधी लेजरात नोंद चढविणारी यंत्रे आली, मग एकेका शाखेचा संगणक, आणि नव्या शतकात साऱ्या शाखा एका मध्यवर्ती यंत्राला जोडल्या गेल्या. संघटनांची भूमिका हटवादी होती असा आक्षेप आपण तेव्हा घेतला, रांगेत उभे राहून मीही घेतला; परंतु आज मागे वळून पाहता, यंत्र आणणाऱ्याने माणसाशी समोरासमोर बसून अटी ठरवाव्यात, हे त्या काळात सर्वांनी मान्य केले होते, याचेच मोल मला अधिक वाटते.

त्यानंतर स्वेच्छानिवृत्ती आली. २०००–०१ साली सरकारी बँकांनी ही योजना आणली: पंधरा वर्षे सेवा किंवा चाळीस वर्षे वय पूर्ण झालेल्यास अर्ज करता येई, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला साठ दिवसांचा पगार किंवा उरलेल्या सेवेचा पगार, यांतील कमी असेल ती रक्कम मिळे. सुमारे एक लाख माणसे एकाच लाटेत बाहेर पडली. त्यांत थकलेले होते, बदलीला कंटाळलेले होते, मुलीचे लग्न काढलेले होते. आणि ज्यांचा हात चांगला बसला होता, ज्यांना गावातले प्रत्येक खाते तोंडपाठ होते, असेही पुष्कळ होते. त्यांच्या जागा बहुतांशी भरल्या गेल्या नाहीत. १९९०च्या दशकाच्या आरंभी बँकांतील कर्मचाऱ्यांत कारकुनांचा वाटा निम्म्याहून अधिक होता. २०२१पर्यंत तो पाव हिश्श्याच्याही खाली आला. कोणाला काढले नाही, कोणाची भाकरी हिसकावली नाही. माणूस निवृत्त झाला आणि त्याची खुर्ची उचलून कोपऱ्यात ठेवली.

माझ्या मते सध्याच्या कपातीचे मर्म इथेच आहे. वतन गेले ते कायद्याने, एक लाख गेले ते योजनेने. आता जे जात आहे त्याला ना जाहीरनामा आहे, ना तारीख. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआयवर ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. इतकी व्हाउचरे लिहायला साऱ्या पृथ्वीवरचे कारकून पुरले नसते. पुढची पायरी कृत्रिम बुद्धिमत्तेची. ती केवळ बेरीज करीत नाही. कर्ज कोणाला द्यावे, कोणाचा व्यवहार संशयित समजावा, तक्रारदाराशी काय बोलावे, हे ती ठरवू पाहते. म्हणजे आजवर यंत्राने कारकुनाचा हात घेतला होता, आता ते अधिकाऱ्याची आद्याक्षरे करू लागले आहे. सिंगापूरच्या डीबीएस बँकेने फेब्रुवारी २०२५मध्ये सांगितले, की तीन वर्षांत सुमारे चार हजार जागा कमी होतील, आणि त्या कंत्राटी व हंगामी असतील. जगातील बँका तीन ते पाच वर्षांत दोन लाखांपर्यंत जागा कमी करतील, असा ब्लूमबर्गच्या अभ्यासकांचा अंदाज त्याच वर्षाच्या आरंभी प्रसिद्ध झाला. उलट ऑस्ट्रेलियातील कॉमनवेल्थ बँकेने फोनवर बोलणारे यंत्र आणून पंचेचाळीस जागा रद्द केल्या, आणि संघटनेने दाद मागितल्यावर ऑगस्ट २०२५मध्ये चूक कबूल करून तो निर्णय मागे घेतला. पंचेचाळीस ही संख्या लहान आहे. पण त्या पंचेचाळिसांना संघटना होती, आणि विचारायला एक जागा होती.

आपल्याकडे खेड्यात ही जागा कोणाकडे आहे? २००६ साली रिझर्व्ह बँकेने बँकांना बाहेरचे प्रतिनिधी नेमण्याची मुभा दिली, आणि आज ‘बँक मित्र’ म्हणून जो तरुण किराणा दुकानाच्या किंवा झेरॉक्सच्या टपरीच्या कोपऱ्यात लहानसे यंत्र घेऊन बसतो, तोच पुष्कळ गावांपुरता बँकेचा चेहरा आहे. त्याला बहुधा पगार नसतो, व्यवहारामागे दलाली असते. तो बँकेचा नोकर नसल्यामुळे बँकेच्या कपातीत त्याची गणना होण्याचाही प्रश्न येत नाही. आयआयटी मुंबईचे पुष्पक भट्टाचार्य यांच्या अध्यक्षतेखाली रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या समितीने ऑगस्ट २०२५मध्ये अहवाल दिला. त्यात सात सूत्रे सांगितली आहेत, आणि यंत्राच्या निर्णयाचे उत्तरदायित्व, तसेच तो निर्णय समजण्याजोगा असणे, यांना त्यांत स्थान आहे. ही सूत्रे मला मनापासून आवडली. आता त्यांचा अंमल टपरीच्या फळीपर्यंत पोहोचला पाहिजे, आणि त्यासाठी शाखेत निदान एक असा माणूस नेमलेला असला पाहिजे, ज्याच्याकडे यंत्राने दिलेला नकार तपासण्याचा अधिकार आहे; ही माझी मागणी मोठी नाही, १८७९च्या कायद्याने सावकाराकडे केली होती त्याहून तर नाहीच.

गेल्या पावसाळ्यात महामार्गाच्या कडेच्या अशाच एका टपरीत मी पाऊस उघडण्याची वाट पाहत थांबलो होतो. एक म्हातारी निराधार योजनेचे पैसे काढायला आली होती. पंधरा दिवसांच्या भातलावणीने तिच्या अंगठ्याच्या रेषा पार धुऊन गेल्या होत्या. यंत्राने एकदा नाकारले, दुसऱ्यांदा नाकारले. यंत्रावर बसलेला मुलगा शहाणा होता; त्याने आपल्या रुमालाने तिचा अंगठा पुसला आणि म्हणाला, “आजी, बोट जरा केसांवरून फिरवा.” तेलाचा हात लागलेला अंगठा तिसऱ्या खेपेला उमटला. ज्यांच्या नावापुढे निशाणी नांगर काढीत, त्यांच्याच कुळातली ती बाई; काचेवर टेकवलेला तिचा अंगठा मी पाहत राहिलो.

“आलं का रं बाबा?”

“आलं आजी. हे घ्या.”

तिने नोटा दोनदा मोजल्या, पदराच्या गाठीत बांधल्या आणि जायला निघता निघता मागे वळली. “आन मागल्या महिन्याचं का न्हाई आलं मग?”

मुलाने यंत्राकडे पाहिले. “ते इथं कळत नाही आजी. बँकेत विचारा.”

“बँकेत कुनाला इचारू?”

तो काही बोलला नाही. मागच्या माणसाने आपला अंगठा पुढे केला होता.